अर्ध्या चौकटीचं गणित

आमच्या नाटक कंपनीत जेवढे राजवाडे, तुरुंग आणि नदीचे घाट उभे राहिले, ते सगळे इमाम शिकलगार यांच्या हातचे. मी त्यांनी केलेल्या सिंहासनावर बसले आहे, त्यांच्या खिडकीतून उडी टाकली आहे आणि त्यांच्या जिन्यावरून अकरा वर्षं, खेळामागून खेळ, गडगडत खाली येऊन मेले आहे. तो जिना कधी कुरकुरलासुद्धा नाही. सन बासष्टला कंपनी मोडली. सामान विकलं गेलं, माणसं पांगली. मी कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्या घेऊन मुलींना गाणं शिकवू लागले आणि इमाममिस्त्री उद्यमनगरात एका फौंड्रीत लागले.

फौंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी हव्या त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. त्याला तिथं सगळे पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून अलगद काढून घेतला की मागं जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं बीड ओततात. राजवाडे करणाऱ्या माणसाला हे काम हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. पण मिस्त्री म्हणाले, "आक्का, आपला राजवाडा मागनं बघितला तर नुसत्या फळ्या. हितं मागनं-म्होरनं सारखंच दिसाय लागतंय. हे अवघड हाय." त्यांना ते आवडलं होतं.

मला लिहायचं आहे ते त्यांच्या मुलाबद्दल, शमशुद्दीनबद्दल. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशात कायम तीन पेन्सिली, आणि आवाज इतका लहान की समोरच्यानं पुढं वाकून ऐकावं. सत्तर साली तो मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि वडिलांच्याच फौंड्रीत ड्रॉइंग करायला बसला. मालक भाऊसो. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा, पण उतावळा माणूस. शमशू टेबलावर कागदावर यंत्राचा भाग काढायचा आणि अंगणापलीकडच्या शेडमध्ये त्याचे वडील तोच भाग सागवानात कोरायचे. मधे वीस पावलांचं अंगण होतं. या वीस पावलांवर पुढं यायचं आहे.

सत्याहत्तर साली एका इंजिनिअरिंग कॉलेजात कारखान्यांतल्या लोकांसाठी आठ रविवार व्याख्यानं झाली. बाहेरून आलेले एक प्राध्यापक होते. पहिल्या रविवारी चाळीस माणसं गेली, शेवटच्या रविवारी पाच उरली. त्या पाचांत शमशू होता. विषयाचं नाव फायनाईट एलिमेंट मेथड. मी ते आता बरोबर लिहिते, पण पाठ करायला मला एखाद्या पदाइतका वेळ लागला.

पहिल्या रविवारी तो परतला तेव्हा मी त्यांच्याच घरी, दारात होते. रंगभूमीवर जाऊन पहिलंच वाक्य विसरलेल्या नटाचा चेहरा मला ओळखू येतो. मी विचारलं तर म्हणाला, काहीच समजलं नाही. जे गणित त्यात वापरतात ते डिप्लोमाला शिकवलंच नव्हतं. पण फळ्यावर काढलेलं एक चित्र मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. मग पुढचं दीड वर्ष त्यानं ते गणित मुळापासून शिकण्यात घातलं. डिग्रीच्या पोरांची जुनी पुस्तकं आणली. सायक्लोस्टाईल केलेल्या टिपणांची शाई बोटांना लागेपर्यंत ती वाचली. भाकरी खाताना त्याचं एक बोट ताटाच्या कडेला काहीतरी मांडत असायचं. त्याची बायको जरीना मला म्हणाली होती, "ह्यांस्नी मी हाक मारली की आदी आकडा सांगत्यात, मग व्हय म्हणत्यात."

मला त्यानं ते कसं समजावलं ते सांगते. म्हणाला, "आपले पेंटर पडदा रंगवायच्या आदी काय करायचे, आक्का? लहान चित्रावर चौकोन पाडायचे, आन तेवढेच चौकोन पडद्यावर. मग एकेक चौकोन उतरून घ्यायचा. हे तसंच हाय. अख्ख्या लोखंडाला इचारलं, बाबा तू कुठं मोडशील, तर त्ये सांगत न्हाय. त्याचे बारीक तुकडे पाडले, कागदावर, जाळ्यासारखे, तर एकेक तुकडा बोलतो."

"काय बोलतो?"

"शेजाऱ्याला इचार म्हणतो."

मी हसले, पण तो हसला नाही. तेच खरं आहे म्हणाला. प्रत्येक तुकड्यावरचा ताण शेजारच्या तुकड्यांवर अवलंबून, त्यांचा त्यांच्या शेजाऱ्यांवर. म्हणून सगळ्यांना एकाच वेळी विचारावं लागतं आणि सगळ्यांची उत्तरं एकाच वेळी जुळावी लागतात. सरावासाठी घेतलेल्या एका साध्या भागाच्या बावीस तुकड्यांसाठीसुद्धा ढीगभर समीकरणं. फौंड्रीच्या ऑफिसात हातानं दांडी फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र होतं. भाऊसोंनी ते रविवारी वापरायची परवानगी दिली. पहिला हिशेब तीन रविवार चालला, आणि तिसऱ्या रविवारी कळलं की पहिल्याच रविवारी एका आकड्याचं चिन्ह उलटं पडलं होतं. त्यानं सगळे कागद बाजूला ठेवले आणि नवीन कागद घेतला. हे मी पाहिलं आहे. तालमीत असे नट फार थोडे मिळाले.

उद्यमनगरात त्याला जाळंवाला म्हणायला लागले. चहाच्या टपरीवर कुणी कपाची कड तुटलेली दाखवून म्हणायचं, "शमशूभाई, ह्याचं गणित करा की जरा." तो खरंच कप हातात घेऊन बघायचा, त्यामुळं लोकांना आणखी गंमत वाटायची. इमाममिस्त्री मात्र टपरीवर त्या विषयावर कधी बोलले नाहीत. घरी एकदा मला म्हणाले, पोरगं चौदा वर्षं शाळा शिकलं तेव्हा आपण पुस्तक उघडून बघितलं नाही, आता काय बघणार. पण त्या बोलण्यात तक्रार नव्हती.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीला बिडाची टंचाई आली. कच्चं लोखंड कोट्यावर मिळायचं, कोळशाच्या वाघिणी येईनात, आठवड्यातून एकदाच भट्टी पेटायची. भाऊसोंचा मुख्य माल गुऱ्हाळाचे घाणे. उसाचा रस काढायचे तीन रोलर ज्या दोन जाड बिडाच्या चौकटींत बसवलेले असतात, त्या चौकटींतच सगळं लोखंड जायचं. भाऊसोंनी शमशूला बोलावून विचारलं, चौकट किती बारीक करता येईल, हे तुझं जाळं सांगतंय का.

त्या दिवशी तो घरी चालत आला नाही, जवळजवळ पळत आला. दोन वर्षं जे शिकला ते पहिल्यांदा कुणीतरी मागितलं होतं.

चौकट मोठी, तुकडे शंभराच्या वर. हातानं होण्यासारखं नव्हतं. पुण्याला एके ठिकाणी कॉम्प्युटरवर असं गणित करून मिळायचं. त्यासाठी जाड कागदाच्या पत्त्यांवर भोकं पाडून आकडे लिहायचे आणि ते पत्ते क्रमानं लावून द्यायचे. शमशू बाटाच्या बुटांच्या खोक्यात पत्ते घालून एसटीनं पुण्याला जायचा. एकदा आठ दिवसांनी उत्तर आलं तर हातभर कागदावर एकच ओळ होती, की अमुक पत्ता चुकला आहे. पुन्हा पुणे. आणि त्या यंत्रात एका वेळी मावतील एवढेच तुकडे घालता यायचे. तेव्हा त्यानं टिपणांत शिकवलेली युक्ती वापरली. चौकट डावी-उजवीकडे सारखीच असते. मग अर्धीच सोडवायची. दुसरी अर्धी आरशातल्यासारखी तीच.

मला हे लगेच पटलं. जन्मभर आरशासमोर अर्ध्या चेहऱ्याला रंग लावून झाला की दुसऱ्या अर्ध्याला तोच लावत आले. माझ्या डाव्या गालावर तीळ आहे आणि उजव्यावर नाही, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

उत्तर आलं. चौकट तीन बोटं जाड होती, ती दोन बोटांवर आणता येत होती. भाऊसोंनी आधी एक चौकट चाचणीसाठी ओतवली. मिस्त्रींनी कागदाप्रमाणं तंतोतंत पॅटर्न केला, पिराजी मोल्डरनं वाळूचा साचा करून ती ओतली आणि अंगणात जॅक लावून तिच्यावर घाण्यात पडतो त्याच्या दुप्पट जोर दिला. सगळं उद्यमनगर बघायला. चौकट हलली नाही. भाऊसोंनी पेढे वाटले. मिस्त्रींनी चौकटीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि शमशूकडं न बघता म्हणाले, "बरं झालं." बापाकडून त्याला एवढं पुष्कळ होतं.

त्या हंगामात नवे बारा घाणे गेले. प्रत्येक गुऱ्हाळावर शमशू स्वतः जाऊन बसवून आला. आणि जानेवारीत, संक्रांत होऊन आठवडा झाला होता, बिद्रीच्या अलीकडं एका गुऱ्हाळावर ऊस घालता घालता चौकट मोडली. वरचा रोलर उसळून बाहेर आला आणि आकारामच्या पायावर पडला. आकाराम त्या गुऱ्हाळाचा मालक. ऊस स्वतःच घालायचा.

शमशू पहिल्या एसटीनं गेला. नंतर त्यानं मला जे सांगितलं ते तसंच लिहिते. चुलवाण विझलं होतं, त्यावरच्या मोठ्या कढईतला, काहिलीतला, रस आंबून वास सुटला होता आणि मोडकी चौकट चिपाडांवर आडवी पडली होती. त्यानं मोडलेली कड बघितली. तडा कुठून सुरू झाला ते बिडात स्पष्ट दिसतं. तो एका चौकोनी कोनाड्याच्या कोपऱ्यातून सुरू झाला होता. त्याच्या कागदावर तिथं कोनाडा नव्हता.

तो कोनाडा म्हणजे देवळी. आमच्याकडच्या गुऱ्हाळांवर घाण्याच्या चौकटीला ऊस घालायच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, वीतभराची देवळी लागायची. हंगाम सुरू होताना तिच्यात दिवा, हळदकुंकू, लिंबू. रोज सकाळी उदबत्ती. देवळी नसलेला घाणा शेतकरी दारात उतरवून घ्यायचा नाही. हे ड्रॉइंगवर कधीच नसायचं. पॅटर्न करणारा मिस्त्री ती आपल्या हातानं घालायचा. इमाममिस्त्रींनी सतरा वर्षं प्रत्येक घाण्याला घातली होती, वर छोटं छप्पर कोरून, फार नाजूक. चाचणीची चौकट फक्त जॅकखाली जायची होती म्हणून तिला घातली नाही. विकायचा पॅटर्न केला तेव्हा घातली. तीन बोटं जाड चौकटीत एक बोट खोल देवळी गेली तरी मागं भरपूर बीड राहायचं. दोन बोटं जाड चौकटीत एकच बोट राहिलं, आणि तेही नेमकं जिथं ओढ सगळ्यांत जास्त.

शमशू त्याच शेडमध्ये लहानाचा मोठा झाला होता. देवळ्या बघत. घाणे बसवायला बारा गावांना गेला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्रत्येक देवळीत दिवा लावला गेला. त्यानं प्रसाद खाल्ला. आणि तरी ते त्याच्या डोक्यात आलं नाही, कारण त्याच्या डोक्यात कागदावरची चौकट होती, तीही अर्धी.

भाऊसोंना त्यानं सांगितलं. भाऊसो म्हणाले, ओतकामात खोट राहिली असं म्हणू. दोन महिन्यांत हंगाम संपतो, उन्हाळ्यात बाकीच्या अकरा चौकटी गुपचूप बदलून देऊ. आत्ता बोभाटा झाला तर फौंड्री बसेल, साठ माणसं घरी जातील. आकारामच्या दवाखान्याचं मी बघतो. यात दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. घाबरलेला माणूस होता. पण ओतकामात खोट म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पिराजी मोल्डरला घरी बसवावं लागलं, आणि अकरा गुऱ्हाळांवर अकरा माणसं त्या देवळीसमोर उभी राहून ऊस घालत होती.

शमशू सरकारी दवाखान्यात आकारामला बघायला गेला. पाय गुडघ्याखाली काढला होता. आकाराम त्याला ओळखून म्हणाला, "सकाळी उदबत्ती लावलीती की रं देवळीत. तरी कसं झालं?" तिथून शमशू सरळ माझ्याकडं आला.

मी त्याला बसवलं. त्याच्या हातात एक कागद होता, अकरा गावांची नावं. म्हणाला, प्रत्येक चौकटीला दोन लांब पोलादी बोल्ट वरून खाली आवळून बसवले की ओढ ते घेतील. गावचा लोहार दोन दिवसांत करू शकेल. पण तोवर घाणा बंद ठेवायला हवा. भर हंगामात. "मला बोलता येत न्हाय, आक्का. माझं कोण ऐकणार न्हाय. तुम्ही गडहिंग्लज, जयसिंगपूर सगळीकडं खेळ केल्यात. तुम्हाला मानत्यात."

माझं वय तेव्हा अठ्ठावन्न. मी पातळ बदललं आणि निघाले.

एक गोष्ट त्यानं मला सांगितली नव्हती. ती मला पहिल्याच गुऱ्हाळावर कळली, गडहिंग्लजच्या बाजूला, बाळासो नावाच्या शेतकऱ्याकडं. दुपारचं ऊन, काहिलीखाली जाळ, घाणा फिरतोय. म्हाताऱ्या माणसांनी मला ओळखलं, गूळ पुढं केला, कुणी जुन्या भूमिकेचं नाव काढलं. एवढं झाल्यावर मी शमशूला पुढं केलं. त्यानं घाणा थांबवा म्हणून सांगितलं. बाळासोनं त्याला खालून वर बघितलं.

"पावणं, काहिलीत रस उकळतोय. गाड्या भरून ऊस उभा हाय. आन थांबवा म्हणताय?"

"मोडंल त्यो."

"कशावरनं मोडंल?"

शमशूनं एकदा देवळीकडं बघितलं. उदबत्तीची राख पडली होती. मग म्हणाला, "मी केलेलं गणित चुकलंय."

"मग इकायच्या आदी नीट शिकायचं की," बाळासो म्हणाला. "आमच्या जिवावर शिकताय व्हय?"

भोवतालची माणसं हसली. एकानं विचारलं, हेच काय ते जाळंवालं. शमशू मान खाली घालून उभा राहिला. मी मधे पडले, बिद्रीला काय झालं ते सांगितलं, आकारामचा पाय सांगितला. हसणं थांबलं. घाणाही थांबला.

परतताना एसटीत मी त्याला विचारलं, गणित चुकलं नव्हतं ना. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "गणित बरोबर हाय. पण अब्बाचं नाव घेऊन मी कुठल्या गावात जाऊ? मुसलमान मिस्त्रीनं देवळी चुकीची घातली, असं होईल ते. चार दिवसांत त्याचं काय होईल सांगता येत न्हाय."

माझ्या मनात ते आलं नव्हतं, आणि आल्यावर खोटं म्हणता येईना.

बारा दिवसांत आम्ही दहा गावं केली. दहा ठिकाणी तो एकच वाक्य बोलला. मी रंगभूमीवर एकच वाक्य शेकडो वेळा बोलले आहे, त्यातलं दुःख हळूहळू वाक्यातून निघून जातं. त्याचं गेलं नाही. दर वेळी तो ते पहिल्यांदाच बोलत असल्यासारखा बोलायचा. जयसिंगपूरजवळच्या अकराव्यानं ऐकलं नाही. तिथं शमशू दर रविवारी जायचा. चौकटीला रॉकेल चोळायचा, पुसायचा, वरून खडू फासायचा. बारीक तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी देवळीच्या कोपऱ्यातून दोन बोटं लांब रेघ उमटली. त्या माणसानं ती बघितली आणि स्वतःच घाणा चालवणारा पट्टा काढला.

दुसऱ्या कुणाला इजा झाली नाही. पण भाऊसोंना सगळं कळलं होतं. शमशूच्याच तोंडून चूक जाहीर झाल्यावर पिराजीला परत घ्यावं लागलं आणि शमशूला काढावं लागलं. खरी शिक्षा टपरीवर होती. जाळ्यानं घाणा मोडला, असं झालं. पुढं एका कारखान्यानं असं गणित करून घ्यायचं ठरवलं होतं, त्यांनीही मागं घेतलं. जे शिकायला त्यानं आपली दोन वर्षं घातली, ते आमच्या गावात त्याच्याच शब्दानं खोटं ठरलं. तो घरी बसून मोटारीच्या भागांची ड्रॉइंग काढून द्यायचं सुटं काम करू लागला.

इमाममिस्त्रींना तोवर खरं माहीत नव्हतं. पोराचं गणित चुकलं यावर त्यांनी विश्वास ठेवला होता आणि कुणाशी बोलत नव्हते. मार्चमध्ये मोडकी चौकट पुन्हा वितळवायला फौंड्रीत आली. ती भट्टीकडं जाताना त्यांनी बघितली. पिराजीनं मला सांगितलं, मिस्त्री तिच्यापुढं उकिडवे बसले, देवळीच्या कोपऱ्यात नख घातलं आणि तड्यावरून नख शेवटपर्यंत फिरवत नेलं. मग उठून भाऊसोंच्या ऑफिसात गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की देवळी माझी, पोराचं गणित बरोबर होतं, हे टपरीवरही सांगा. भाऊसो म्हणाले, मिस्त्री, आता कशाला. मिस्त्रींनी पटाशी आणि रंधा पिशवीत घातला आणि काम सोडून घरी आले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होते. बापलेक घरात दखनी बोलत, पण माझ्यासमोर कायम मराठीत. तो त्यांनी मला दिलेला मान. मिस्त्री म्हणाले, माझं नाव का लपवलंस. शमशू म्हणाला, तुमचं काही चुकलंच नव्हतं तर लपवायचं काय. कागदावर नसलेल्या चौकटीचं गणित मी केलं नाही, हीच चूक, आणि ती माझी. मिस्त्री म्हणाले, कोरली मी. असं बराच वेळ चाललं. दोघंही चूक आपल्याकडं ओढत होते. जरीनानं शेवटी हात जोडले तेव्हा थांबले.

मग मिस्त्री म्हणाले, देवळी धरून गणित काढ. मला बघायचंय.

अर्ध्यानं भागणार नव्हतं, कारण आता दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. पूर्ण चौकट पुण्याच्या यंत्रात मावणार नव्हती. शमशूनं फक्त देवळीभोवतालचा भाग घेतला, तिथं जाळं बारीक केलं आणि हातानं सोडवायला बसला. चार रविवार लागले. भाऊसोंनी, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते, ते हातयंत्र घरी पाठवून दिलं. मिस्त्री शेजारी बसून आकडे वाचून दाखवायचे, मराठी अंकांत, एकेक, अडखळत. चौथ्या रविवारी कोपऱ्याचा आकडा आला. बिडाला जेवढी ओढ सोसते त्याच्या वर, थोडा नव्हे, बराच.

मिस्त्रींनी तो आकडा असलेला कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, आकारामकडं जायचं.

मीही गेले. आकाराम अंगणात बाजेवर होता, शेजारी काठी. मिस्त्रींनी उभ्यानंच सांगितलं. देवळी मीच कोरली, जागा मी ठरवली, तडा तिथूनच गेला, पोराचा दोष नाही. कागद पुढं केला. आकारामनं तो घेतला नाही. मिस्त्रींकडं बघून म्हणाला, "देवळी नसती तर मी घाणा घेतलाच नसता, मिस्त्री. परत पाठवला असता."

हे ऐकून मिस्त्रींना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यांचा चेहरा मी बघत होते. तसं काही झालं नाही. त्यांनी कागद परत खिशात ठेवला, आकारामच्या बायकोनं दिलेलं पाणी प्यायलं आणि आम्ही फाट्यावर आलो.

एसटीला वेळ होता. बाभळीखाली दगडावर मिस्त्री बसले, शमशू उभाच राहिला. मग मिस्त्री म्हणाले, "ह्यो आकडा तुला आदी म्हाईत असता, तर देवळी नको म्हणला असतास?"

"व्हय."

"मी ऐकलं नसतं." त्यांनी खिशातल्या कागदावर हात ठेवला. "म्हणलो असतो, कागद शिकलंय पोरगं, घाणा बघितला न्हाय. पण शमशू, तू नुसतं इचारलं असतंस, अब्बा, ह्या चौकटीत तुम्ही काय घालणार हाय, तर मी सांगितलं असतं. तेवढं सांगितलं असतं की रं."

शमशू रस्त्याकडं बघत होता.

"इचारायचं सुचलंच न्हाय, अब्बा," तो म्हणाला. "वीस पावलं होती."

एसटी आली. मिस्त्रींना पायरी उंच पडत होती. शमशूनं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर घेतलं, आणि जागा असूनही तो कोल्हापूरपर्यंत त्यांच्या शेजारी उभाच राहिला.